भारतात पोहोचू न शकलेला ओकायामाचा भिक्खू : एइसाई

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान बहुतेक पुणेकरांनी पाहिले आहे. सुमारे १० एकरांची ही बाग २००६ साली लोकांसाठी खुली झाली. तिचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची प्रसिद्ध बाग आहे, तिच्या धर्तीवर ही बांधली. मूळ कोराकुएन तिथल्या सरंजामदाराने, इकेदा त्सुनामासा याने, १६८७ साली बांधायला घेतली आणि १७०० साली ती पूर्ण झाली. सामान्य लोकांसाठी ती १८८४ साली खुली झाली. म्हणजे ही बाग मुळात राजघराण्याची, भिक्खूंची नव्हे. पण ज्या ओकायामाचे नाव आपल्या बागेला मिळाले, त्याच ओकायामाच्या मातीत सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एक भिक्खू जन्मला. त्याला चालत भारतात यायचे होते. त्याला येऊ दिले गेले नाही.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करणारे काही जण अधूनमधून तरुणांना घेऊन या बागेत शांतपणे चालतो. बोलणे बंद, मोबाईल बंद, श्वासाकडे आणि पावलांकडे लक्ष. आपल्या परंपरेत याला चंक्रमण म्हणतात. जपानी झेन विहारांतही बैठ्या ध्यानाच्या मधल्या वेळात असेच चालतात. पुण्यात जपानी भाषा शिकणारी मुलेमुली खूप आहेत. क्योतोची मंदिरे आणि बागा एकदा पायी फिरून पाहाव्यात, असे त्यांतल्या अनेकांना वाटते. जरूर जावे. पण जाण्याआधी त्या मंदिरांमागचा एक माणूस समजून घ्यावा, म्हणून एइसाईंचे चरित्र इथे मांडत आहोत.

पुजाऱ्याचा मुलगा

एइसाईंचा जन्म ११४१ सालचा. त्यांचे घराणे किबित्सू देवस्थानाच्या पुजाऱ्यांचे. हे देवस्थान आज ओकायामा शहराच्या हद्दीत येते. पुजारीपण वारशाने चालत आलेले असूनही मुलगा लहानपणीच बौद्ध विहारात शिकायला गेला. ११५४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर त्यांनी दीक्षा घेतली. हिएई हे तेव्हा जपानी बौद्ध धर्माचे सर्वांत मोठे सत्ताकेंद्र होते. हजारो भिक्खू, जमिनी, दरबारात वजन, असे सगळे तिथे होते. आणि शस्त्रेही होती. मठांचे सशस्त्र भिक्खू राजधानीत उतरून दरबाराला आपल्या मागण्या मान्य करायला लावत. विनयाचे नियम पुस्तकात राहिले होते, व्यवहारात ते पाळणारे थोडे होते. तरुण एइसाईंना हेच बोचत होते. बुद्धाचा संघ असा असतो का, हा त्यांचा प्रश्न होता.

११६८ साली ते समुद्र ओलांडून चीनला गेले. तिआनताई पर्वतावरचे विहार पाहिले, ग्रंथ गोळा केले आणि सहा महिन्यांत परतले. चीनमध्ये तेव्हा चान संप्रदाय बहरात होता. त्यालाच जपानीत झेन म्हणतात. दोन्ही शब्द आपल्या ध्यान या शब्दाचीच रूपे आहेत, पालीत झान. शब्द भारतातून चीनला गेला आणि चीनमधून जपानला.

भारताची वाट बंद

पुढची जवळजवळ वीस वर्षे एइसाई जपानमध्ये अभ्यास करत राहिले. पण मनात एकच गोष्ट पक्की झाली होती. उगमाकडे जायचे, तथागत जिथे चालले त्या भूमीवर जायचे. ११८७ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा चीनला निघाले ते भारत गाठायच्या इराद्याने. सुंग राजवटीची राजधानी लिन-आन, म्हणजे आजचे हांगझोउ. तिथे त्यांनी पश्चिमेकडे जाण्याचा परवाना मागितला. परवाना मिळाला नाही. उत्तरेचा आणि पश्चिमेचा मुलूख सुंग राजांच्या हातात राहिला नव्हता आणि त्या वाटेने परदेशी भिक्खूला पाठवायला अधिकारी तयार नव्हते.

निराश होऊन ते परतीच्या जहाजात बसले. उलट्या वाऱ्याने जहाज पुन्हा चीनच्याच किनाऱ्याला लावले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. तिथून ते तिआनताईला गेले आणि लिन्ची परंपरेतल्या शू-आन ह्वायछांग या गुरूंजवळ राहिले. गुरू तिआनथोंग पर्वतावरच्या विहारात गेले, तेव्हा एइसाईही त्यांच्यामागे गेले. चार वर्षे साधना केली, गुरूंकडून परंपरेचा अधिकार घेतला आणि ११९१ साली जपानला परतले. लिन्ची परंपरेला जपानमध्ये रिन्झाई म्हणतात. तिआनथोंगचे सभागृह दुरुस्त करायला मदत करीन, असा शब्द त्यांनी दिला होता. परतल्यावर त्यांनी जपानमधून जहाजाने लाकूड पाठवले आणि तो शब्द पाळला.

चीनमधून त्यांनी बोधिवृक्षाचे रोप जपानला पाठवल्याचे परंपरेने सांगितले जाते. हे झाड आपल्या पिंपळाचे नाही. चीन-जपानच्या थंडीत पिंपळ तग धरत नाही, म्हणून तिथे वेगळ्याच जातीच्या झाडाला बोधिवृक्ष मानले गेले. जपानमधल्या विहारांच्या अंगणात ते आजही दिसते. बोधगयेला जाता आले नाही, तर बोधिवृक्ष आपल्या अंगणात लावावा, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो.

बंदी आणि शील

जपानमध्ये त्यांचे स्वागत झाले नाही. हिएईच्या मठाला ही नवी शिकवण आपल्या अधिकाराला धक्का वाटली. त्यांच्या दबावाने ११९४ साली दरबाराने झेनच्या प्रचारावर बंदी घातली. एइसाई राजधानीपासून लांब, क्यूशू बेटावर राहिले. ११९५ साली हाकाता बंदरात त्यांनी शोफुकु-जी हा विहार उभा केला. जपानमधला पहिला झेन विहार म्हणून तो ओळखला जातो. ११९८ साली त्यांनी एक ग्रंथ लिहून विरोधकांना उत्तर दिले. त्यातला मुद्दा थोडक्यात असा, की झेन ही नवी चूल नाही, हिएईच्या संस्थापकांच्या परंपरेतच ती होती. आणि झेनचा पाया शील आहे. शील नसेल तर ध्यान नाही, आणि शील गेलेला संघ देशाच्याही उपयोगाचा नाही.

हा मुद्दा आपल्याला परका नाही. पंचशील म्हणणे आणि पंचशील जगणे यातले अंतर आपल्या विहारांतही दिसते.

पुढे ते कामाकुराला गेले. तिथे लष्करी राजवटीचे नवे केंद्र उभे राहिले होते. होजो मासाको या सत्ताधारी स्त्रीच्या आश्रयाने १२०० साली जुफुकु-जी उभा राहिला. १२०२ साली शोगुन मिनामोतो योरिइए याच्या मदतीने क्योतोत केन्निन-जी उभा राहिला. तिथे त्यांनी झेनबरोबर जुन्या संप्रदायांच्या उपासनेलाही जागा दिली. भांडण वाढवण्यापेक्षा पाय रोवणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

चहा

एइसाईंचे नाव जपानमध्ये सामान्य माणसालाही माहीत आहे ते चहामुळे. चहा जपानला आधी माहीत होता, पण त्याची लागवड मागे पडली होती. एइसाईंनी चीनमधून बिया आणल्या, क्यूशूत लावल्या आणि क्योतोजवळच्या कोझान-जी विहारातल्या म्योए या भिक्खूंनाही दिल्या. तिथून चहा पुढे पसरला. ध्यानाला बसलेल्या भिक्खूंना झोप येऊ नये, यासाठी तो उपयोगी होता. १२११ साली त्यांनी चहा आणि तुती यांच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले. १२१४ साली शोगुन सानेतोमो दारूच्या अंमलाने आजारी होता. एइसाईंनी त्याला चहा पाजला आणि ते पुस्तकही दिले.

तो चहा दूध-साखरेचा नव्हता. पानांची पूड गरम पाण्यात घुसळून प्यायची. केन्निन-जीमध्ये आजही एइसाईंच्या जन्मदिनी पाहुण्यांना एकत्र बसवून जुन्या पद्धतीने चहा दिला जातो. आपल्याकडे मात्र गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी ठेवली जात होती, ती त्यांनाच धुऊन ठेवावी लागत होती. पेय तेच. एका ठिकाणी ते साधनेसाठी जागे ठेवत होते, दुसऱ्या ठिकाणी माणसाला त्याची जात दाखवत होते.

बुद्धमूर्तीचे तांबे

एइसाईंच्या आयुष्यातला एक प्रसंग त्यांच्या परंपरेत पुढे शिकलेल्या दोगेन यांनी आपल्या शिष्यांना सांगितला, म्हणून तो टिकला. केन्निन-जीमध्ये एक गरीब माणूस आला. घरात कित्येक दिवस चूल पेटली नव्हती, बायकामुले उपाशी मरायला टेकली होती. विहारात ना धान्य, ना कापड, ना पैसा. भैषज्यगुरू बुद्धाच्या मूर्तीची प्रभावळ घडवण्यासाठी आणलेले तांबे तेवढे शिल्लक होते. एइसाईंनी ते त्या माणसाच्या हाती दिले आणि विकून धान्य घ्यायला सांगितले. शिष्य नाराज झाले. बुद्धासाठी आलेली वस्तू दुसऱ्या कामाला वापरणे हा दोष नाही का, असे त्यांनी विचारले. दोष असेल, हे एइसाईंनी मान्य केले. पण भुकेल्यासाठी स्वतःचे हातपाय तोडून देणारा तो बुद्ध, त्याची मूर्तीही तशीच समजायची, आणि या कृत्याबद्दल नरकात जावे लागले तरी चालेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारले आहे, की भिक्खू स्वतःला परिपूर्ण करण्यासाठी असतो की समाजाची सेवा करण्यासाठी. एइसाईंनी त्या दिवशी तांबे देऊन कोणते उत्तर दिले, हे वेगळे सांगायला नको. आपल्या विहारांच्या समित्यांनी हा प्रसंग वर्षातून एकदा तरी वाचावा. कमान, रोषणाई आणि मूर्तीच्या सजावटीवर किती खर्च होतो आणि वस्तीतल्या मुलीच्या परीक्षेच्या फीवर किती, याचा हिशेब मांडावा.

सत्तेची सावली

एइसाईंना देवत्व देण्याची गरज नाही. विहार उभे करण्यासाठी ते शोगुनांवर अवलंबून राहिले. त्यांच्या ग्रंथाचा सूरही राष्ट्ररक्षणाचा होता. १२०६ नंतर त्यांनी जळालेल्या तोदाई-जीच्या पुनर्बांधणीसाठी निधी जमवण्याचे मोठे काम सांभाळले. पण पुढे जिवंतपणीच महागुरूची पदवी मिळावी म्हणून खटपट केली आणि त्यावर टीकाही झाली. ज्याने उपाश्याला मूर्तीचे तांबे दिले, त्यालाच दरबारी मान हवासा वाटला. राजाश्रयाने विहार लवकर उभे राहतात, पण त्याची किंमत असते. आपल्या चळवळीने हे जवळून पाहिले आहे.

१२१५ साली एइसाई वारले. त्यांचे शिष्य म्योझेन दोगेन यांना घेऊन १२२३ साली चीनला गेले आणि तिआनथोंग इथेच वारले. दोगेन परतले आणि त्यांच्यापासून जपानमध्ये सोतो ही दुसरी मोठी झेन परंपरा सुरू झाली.

बागा कुणी बांधल्या?

आज केन्निन-जीला गेलात तर पांढऱ्या खडीत ओळी ओढलेली कोरडी बाग दिसेल, शेवाळात बसवलेले दगड दिसतील. या बागा एइसाईंच्या काळच्या नाहीत, बऱ्याच नंतरच्या आहेत. पण क्योतोच्या बागा पाहताना एक गोष्ट विसरू नका. पंधराव्या शतकात तिथल्या नामांकित बागा घडवणारे अनेक कारागीर नदीकाठी राहणाऱ्या बहिष्कृत जमातीतले होते. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे ही कामे त्यांच्याकडे होती, आणि म्हणून समाज त्यांना अपवित्र मानत होता. झेनआमी हा त्यांच्यातला थोर बागकार. शोगुन आशिकागा योशिमासा त्याच्या कलेचा चाहता होता. झेनआमीचा नातू माताशिरो यानेही तेच काम केले. जनावरे मारणाऱ्या घरात जन्मल्याचे दुःख त्याने बोलून दाखवले होते आणि जीवहत्या न करण्याचा निश्चय केला होता, अशी नोंद एका झेन भिक्खूच्या रोजनिशीत आहे. रयोआन-जीच्या जगप्रसिद्ध दगडी बागेत एका दगडाच्या मागच्या बाजूला दोन नावे कोरलेली आहेत. ती अशाच कामगारांची असावीत, असे मानतात.

नाव दगडाच्या पाठीमागे, कौतुक समोरून. ही रीत आपल्या ओळखीची आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव समोर कोरलेले वाचता येते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या धम्माने कष्टकऱ्याला ती जागा दिली होती.

ओकायामाहून नागपूर

एइसाईंना भारताचा परवाना मिळाला नाही. त्यानंतर सुमारे पावणेआठशे वर्षांनी, १९६०च्या दशकात, ओकायामा प्रांतातच जन्मलेला एक भिक्खू भारतात आला आणि नागपूरच्या वस्त्यांमध्ये राहिला. भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई. त्यांनी दीक्षाभूमीवर लोकांना धम्मदीक्षा दिली आणि बोधगयेच्या महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी आंदोलन उभे केले. एइसाईंना जी भूमी पाहता आली नाही, तिथे पोहोचल्यावर ओकायामाच्या या भिक्खूला दिसले, की बुद्धाच्या बोधिस्थळाचे व्यवस्थापनही पूर्णपणे बौद्धांच्या हातात नाही.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, जपानला जायची संधी मिळाली तर जा. केन्निन-जीच्या ओसरीवर शांत बसा. पण तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून वाट बंद झाली, असे समजू नका. भाजे, कार्ले, बेडसे इथली लेणी पुण्याहून एका दिवसात पाहून होतात. देहू रोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथवर पायी जा. आणि कुठल्याही विहारात, कुठल्याही बागेत पाऊल ठेवलेत तरी तीन प्रश्न विचारा. हे कुणाच्या हातांनी बांधले? इथे शील जगले जाते का? आणि दारात उपाशी माणूस आला, तर इथले तांबे त्याला मिळेल का?

जय भीम, नमो बुद्धाय.