पंडिता रमाबाई व अशक्तांची शुश्रूषा

पंडिता रमाबाई यांचें नांव ज्यास ठाऊक नाहीं असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत विरळाच सांपडेल. त्यांची विद्वत्ता, विधवांकरितां काढिलेलें शारदा सदन व पवित्र शास्त्राचें भाषांतर यांची कीर्ति सर्वत्र आहे. परंतु रोगी, वृद्ध व आंधळ्या स्त्रियांचा सांभाळ त्यांनीं कोणत्या भावनेनें केला, ही गोष्ट तितकी सांगण्यांत येत नाहीं. भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या आसपास व इंदापूर-बारामतीकडील खेड्यांत कितीएक म्हातारीं माणसें अंथरुणास खिळलेलीं आहेत. त्यांचें सर्व कांहीं घरचीं माणसें किंवा मोलानें ठेविलेली बाई करते. म्हणून आपल्याच जिल्ह्यांत देह ठेविलेल्या ह्या सेविकेचें चरित्र त्या दृष्टीनें पाहणें उपयोगाचें होईल.

बाईंचा जन्म ता. 23 एप्रिल 1858 रोजीं सह्याद्रीवरील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पतकरून पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें होतें. आईनें तीच विद्या मुलीस दिली. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं फिरत असे. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला व जवळचें सर्व संपलें. वृद्ध पिता प्रथम गेला. मागून आई तापानें पडली. तिच्यासाठीं अन्न मागावयास रमाबाई एका घरीं गेल्या, पण लाजेनें तोंडांतून शब्द फुटेना. बाजरीच्या भाकरीचा तुकडा मिळाला, तरी आई वांचली नाहीं. थोड्याच काळानें वडील बहीणही वारली. आजाऱ्याच्या उशाशीं बसावें आणि हातांत देण्यासारखें कांहीं नसावें, हें दुःख त्यांनीं कोवळ्या वयांत जाणिलें.

सन 1878 मध्यें कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढें भाऊ श्रीनिवास गेला, व 1882 सालीं पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें वारले. तान्ही मनोरमा कडेवर घेऊन बाई पुण्यास आल्या. त्याच वर्षीं हंटर कमिशनापुढें साक्ष देतांना त्यांनीं स्त्रियांसाठीं स्त्रीशिक्षकांबरोबर स्त्रीवैद्यही पाहिजेत असें निक्षून सांगितलें. कारण पुरुषापुढें आपलें दुखणें बोलण्यास संकोचून कित्येक स्त्रिया अकालीं मरत. स्वतः वैद्यक शिकावें ह्या हेतूनें त्या 1883 मध्यें विलायतेस गेल्या, पण कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो हेतु सिद्धीस गेला नाहीं. तेथें फुलहॅम येथील घरांत ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांची मायेनें सेवा करितात, हें त्यांनीं पाहिलें. असा धर्म त्यांनीं पूर्वीं कोठें पाहिला नव्हता. ता. 29 सप्टेंबर 1883 रोजीं वॉन्टेज येथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

सन 1889 मध्यें मुंबईस शारदा सदन निघालें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. 1897 सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला. रोग्यांस व संशयितांस धरून इस्पितळांत व छावणींत नेत. तेथें स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाहीं, आपल्या आश्रयाखालील एका मुलीचीही तेथें हानि झाली, असें बाईंनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रांत उघड लिहिलें. सरकारानें तें म्हणणें नाकारलें. तरी बाईंनीं भीड धरिली नाहीं. रोगी परक्याच्या हातीं सोंपविल्यावर त्याची जबाबदारी संपली, असें त्यांनीं कधीं मानिलें नाहीं.

त्याच सुमारास मध्यप्रांतांतील दुष्काळांतून आणिलेल्या मुली त्यांनीं दौंड तालुक्यांतील केडगांव येथें नेल्या. तेथें मुक्ति सदन उभें राहिलें. 1900 च्या दुष्काळानंतर तेथें सुमारें दोन हजार जीव राहत होते. विहिरी, शेत, माग, छापखाना व दवाखाना हीं सर्व होतीं. वृद्ध व अपंग स्त्रियांसाठीं प्रीति सदन, संकटांतून सोडविलेल्यांसाठीं कृपा सदन, आंधळ्यांसाठीं बार्तीमी सदन अशीं निराळीं घरें केलीं होतीं. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयाची लिपि मनोरमाबाईंनीं शिकविली. ज्यांना जग ओझें समजे, त्यांनाही तेथें नांव, काम व मान होता.

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रावरून आपण काय घ्यावें? शुश्रूषा केवळ दयेनें चालत नाहीं. तिला नियम पाहिजे. रोग्यास उकळून निवविलेलें पाणी द्यावें व जेवूं घालण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. जो अंथरुणावरून उठूं शकत नाहीं त्याची कूस दर दोन तासांनीं बदलावी, नाहीं तर पाठीस जखमा होतात. औषध केव्हां व किती दिलें तें वहींत लिहावें, म्हणजे दुसऱ्यानें तेंच पुन्हां देण्याचा धोका टळेल. रात्रीं उठणाऱ्याच्या वाटेंत दिवा असावा, व ओली फरशी नसावी. स्त्रीची सेवा शक्य तों स्त्रीनेंच करावी. म्हाताऱ्यास कोंडून ठेवूं नये, मारूं नये व त्याच्या पैशाचा हिशेब चुकवूं नये. सेवा करणारी सून किंवा मोलकरीण हीही मनुष्य आहे; तिला विसांवा व योग्य मोल मिळालें पाहिजे, नाहीं तर थकलेला हात कठोर होतो.

उपदेशकांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. रोग्याच्या घरीं प्रार्थनेस गेल्यावर थोडा वेळ त्याच्यापाशीं एकांतीं बसावें व त्याची हकीगत विचारावी. कारण जो दुसऱ्याच्या हातचें खातो तो त्याच्यासमोर गाऱ्हाणें सांगत नाहीं. मुलेंच आईबापांस टाकीत असतील, तर 2007 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें त्यांना निर्वाहखर्च मागतां येतो, व त्यांस टाकून देणें हा शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे, हेंही त्यांस सांगावें.

मनोरमाबाई 1921 सालीं वारल्या. बाई स्वतः ता. 5 एप्रिल 1922 रोजीं केडगांवींच प्रभूमध्यें निजल्या. भुकेल्या व रोगी अशा कनिष्ठांस केलेली सेवा प्रभु आपल्यालाच केलेली मानितो. ज्या घरांत आज एखादा म्हातारा खाटेवर पडून आहे, त्या घरांत प्रभूची ती खाट आहे असें समजून आपण ती रोज स्वच्छ करावी.