मोरपिसाची माशी बांधणारे थिओडोर गॉर्डन

मृगाचा पाऊस बरसला, की शहापूर तालुक्यातील शेणवा परिसरात वलगणीच्या माशांचे वेध लागतात. गळाला गांडूळ लावून ओढ्याकाठी बसणाऱ्यांना पिसांचे आमिष ही कल्पनाच नवलाची वाटेल. परंतु गळावर दोऱ्याने पिसे गुंडाळून नखाएवढी माशी बांधायची आणि तिच्यावर ट्राउट मासा धरायचा, ही विद्या पाश्चात्त्य देशांत शतकानुशतके चालत आली आहे. अमेरिकेत तिला स्वतःचे रूप देण्याचे श्रेय थिओडोर गॉर्डन यांना दिले जाते.

गॉर्डन यांचा जन्म १८५४ मध्ये पिट्सबर्ग येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. प्रकृती जन्मभर नाजूक राहिली. पेनसिल्व्हानियातील ओढ्यांवर लागलेला मासेमारीचा छंद मात्र अखेरपर्यंत सुटला नाही.

त्या काळी अमेरिकेतील जंगले कातडी कमावण्याच्या धंद्यासाठी तोडली जात होती. सावली गेल्याने नद्यांचे पाणी तापले आणि मूळचा ट्राउट घटू लागला. १८८० च्या दशकात युरोपातून तपकिरी ट्राउट आणला गेला. हा मासा सावध होता आणि पाण्यावर तरंगणारे कीटक टिपत असे. बुडणाऱ्या जुन्या माशांना तो सहसा फसेना. गॉर्डन यांनी इंग्लंडमधील तज्ज्ञ फ्रेडरिक हॅलफोर्ड यांना पत्र लिहिले. १८९० च्या फेब्रुवारीत हॅलफोर्ड यांनी तरंगत्या माशांचे नमुने धाडले.

या नमुन्यांची निव्वळ नक्कल करून गॉर्डन थांबले नाहीत. इंग्लंडच्या ओढ्यांवरील कीटक न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल डोंगरांतील नद्यांवर आढळत नाहीत, हे त्यांनी ओळखले. काठावर बसून तेथील कीटकांचा रंग, आकार आणि हंगाम त्यांनी न्याहाळला. त्यातून ‘क्विल गॉर्डन’ ही माशी साकारली. तिचे अंग मोरपिसाच्या डोळ्यातील एका तंतूचे असते. तंतूवरील लव खरवडली, की कीटकाच्या पोटावर दिसतात तसे फिकट-गडद पट्टे उमटतात. पंख बदकाच्या पिसाचे, तर भोवती कोंबड्याच्या ताठ पिसाचे वेढे. त्यांच्या आधाराने माशी पाण्यावर तरंगते.

गॉर्डन यांची अखेरची वर्षे नेव्हरसिंक नदीच्या खोऱ्यात गेली. माशा बांधून विकणे आणि नियतकालिकांतून लिहिणे, हाच त्यांचा दिनक्रम होता. आपले कसब ते सहसा कोणाला दाखवीत नसत. टपाल खात्यात काम करणारे रॉय स्टीनरॉड हे त्याला अपवाद ठरले आणि त्यांच्यामुळेच ही विद्या पुढे पोहोचली. १ मे १९१५ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, गॉर्डन यांचे निधन झाले.

पुढे न्यूयॉर्क शहराची तहान भागवण्यासाठी नेव्हरसिंकवर धरण बांधण्यात आले. १९५० च्या दशकात नेव्हरसिंक आणि बिटरस्वीट ही गावे तसेच गॉर्डन यांच्या पायाखालचा नदीकाठ जलाशयात गेला. शहापूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे आणि पुढे भातसाचेही पाणी मुंबईला जाते, तर तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

नेव्हरसिंकचा तो काठ आता पाहता येत नाही. तेथील कीटकावरून बेतलेली माशी मात्र आजही मोरपिसाच्या तंतूनेच बांधली जाते.