प्रेमचंद रायचंद : दलाल, दाता आणि बँक

आशियातील सर्वांत जुना शेअर बाजार मुंबईचा. १८७५ साली त्याला संस्थेचे रूप आले, तेव्हा टोकियोचा बाजार निघावयास तीन वर्षांचा अवकाश होता. परंतु या बाजाराचे बालपण त्याआधीच टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली सरले होते, आणि त्यावर प्रेमचंद रायचंद या एका माणसाची दाट छाया आहे.

१८३१ साली सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेले प्रेमचंद लहानपणीच मुंबईस आले. इंग्रजी जाणणारा देशी दलाल त्या काळी विरळा. साहेबांच्या बँकांशी व पेढ्यांशी त्यांना दुभाष्यावाचून बोलता येई. तिशी गाठेतो त्यांचा शब्द बाजारात नाण्यासारखा चालू लागला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. युद्धाच्या काळात मुंबईच्या पदरात नेहमीच्या प्राप्तीखेरीज सुमारे ८ कोटी पौंड पडले, असा हिशेब सांगितला जातो. एवढा पैसा जिरवील असे उद्योग शहरात नव्हते. कापडगिरण्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना यांचे पेव फुटले. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला.

या तेजीचे इंगित कापसात जेवढे होते, त्याहून अधिक कर्जात होते. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. भाग घ्यावा, तो बँकेत गहाण ठेवावा, त्या पैशातून दुसरा घ्यावा. भाव चढला की तारणाची किंमत वाढे, तारण वाढले की कर्ज वाढे, आणि कर्जाने भाव पुन्हा चढे. कर्ज कोणास द्यावयाचे यात प्रेमचंदांची शिफारस निर्णायक ठरू लागली. कित्येकदा तेवढेच तारण! भाव वाढण्यात ज्याचा स्वार्थ, त्याच्याच सल्ल्याने बँक पैसा वाटत होती, आणि तिच्या संचालकांत सरकारने नेमलेली माणसेही बसत होती. प्रेमचंदांना केवळ लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. आपणच उठविलेल्या तेजीवर त्यांचा विश्वास होता. पुढे ते स्वतःही तीत बुडाले.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले आणि कापूस गडगडला. १ जुलै हा वायद्यांच्या फेडीचा दिवस. त्या दिवशी घेणारेही नादार ठरले आणि देणारेही. बँकेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला भाग ८७ रुपयांवर आला. १८६८ साली बँक गुंडाळली गेली व चौकशी आयोग बसला. भागधारकांत सरकारही होते. म्हणजे ज्या रयतेने शेअरचा कागद कधी पाहिला नव्हता, तिच्या माथीही तोट्याचा वाटा आला.

तेजीच्या भरात प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. कलकत्ता विद्यापीठातील त्यांच्या नावाची शिष्यवृत्तीही अशाच देणगीतून उभी राहिली. अंध आईला टोल ऐकून सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून राजाबाई मनोरा बांधला, ही कथा लोकांना फार आवडते. हा पैसा ज्या तेजीतून आला, तिची किंमत कोणी मोजली, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

पेढी बुडाल्यावर प्रेमचंदांनी मुंबई सोडली नाही. ते पुन्हा धंद्यास लागले. १८७५ साली दलालांनी संघटना स्थापन केली, तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. प्रवेश फी एक रुपया, सभासद ३१८. दलालांची पत व हित राखणे हा तिचा प्रमुख हेतू होता. १८७८ साली मनोरा पूर्ण झाला, १९०६ साली प्रेमचंद निवर्तले. गुंतवणूकदारांच्या रक्षणासाठी ‘सेबी’ला कायद्याचे अधिकार मिळावयास १९९२ साल उजाडले, आणि त्याच वर्षी बँकांचा पैसा दलालाच्या हातून शेअर बाजारात गेल्याचे पुन्हा एकदा उघडकीस आले.