ह. उम्मे सलमा (रजि.) : पुनर्विवाह आणि सच्चेपणा

बोरी अरबसारख्या आपल्या गावांत प्रौढ विधवेसाठी स्थळ पाहिले जाते, तेव्हा घरची माणसे पुष्कळदा तिचे वय कमी सांगतात आणि मुलांचा विषय टाळतात. तीही संकोचाने गप्प राहते. अशा भगिनीने व तिच्या घरच्यांनी मोमिनांची माता ह. उम्मे सलमा (रजि.) यांचे चरित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

त्यांचे मूळ नाव हिंद. कुरैशच्या मखजूम घराण्यातील अबू उमय्या यांच्या त्या कन्या. पती ह. अबू सलमा (रजि.) यांच्यासह त्यांनी हबशाला हिजरत केली. पुढे मदीनेस निघताना माहेरच्यांनी त्यांना रोखले, सासरच्यांनी मूल हिसकावले आणि पतीला एकट्यानेच जावे लागले. सुमारे वर्षभर त्या मक्केबाहेर बसून अश्रू ढाळीत. अखेर मूल परत मिळाले आणि त्यांनी मदीना गाठली.

उहुदच्या लढाईत झालेली जखम पुन्हा चिघळून हिजरी ४ मध्ये अबू सलमा (रजि.) यांचे निधन झाले. पदरी लहान मुले होती. अशा पतीहून उत्तम कोण मिळणार, असे वाटत असूनही प्रेषित (स.) यांनी शिकविलेली दुआ त्यांनी केली. इद्दत संपल्यावर ह. अबू बक्र (रजि.) व ह. उमर (रजि.) यांच्याकडून मागणी आली, त्यांनी ती स्वीकारली नाही.

मग खुद्द प्रेषित (स.) यांची मागणी आली. याहून मोठा सन्मान कोणता? तरीही होकारापूर्वी त्यांनी तीन गोष्टी स्पष्ट कळविल्या : आपला स्वभाव मत्सरी आहे, वय उलटले आहे आणि मुलांचा भार आहे. प्रेषितांनी प्रत्येकीचे उत्तर दिले. मत्सर दूर व्हावा म्हणून ते अल्लाहपाशी प्रार्थना करतील, वय त्यांचेही झाले आहे, आणि तिची मुले ती त्यांचीच मुले. हिजरी ४ च्या शव्वालमध्ये निकाह झाला.

वाचकहो, सत्य सांगितल्याने त्यांचे मोल घटले नाही. हिजरी ६ मध्ये हुदैबिया येथे दुःखी सहाबा कुर्बानीसाठी उठेनात, तेव्हा कोणाशी न बोलता आपण स्वतःच आधी कुर्बानी करावी, हा सल्ला प्रेषितांना त्यांनीच दिला. तो मानला गेला आणि सारे उठले. त्यांच्याकडून ३७८ हदीस पुढील पिढ्यांना मिळाल्या.

सूरह अल-बकराची २३४वी आयत इद्दत पूर्ण केलेल्या विधवेला स्वतःविषयी रीतीस धरून निर्णय घेण्याची मोकळीक देते. तेव्हा भगिनींनो, वलीला सोबत घ्या. पण वय, मुले आणि स्वभाव लपवू नका. मन मानत नसेल तर नकार द्या. आणि घरच्यांनो, तिच्या वतीने असत्य बोलू नका. लपवून जुळविलेला संसार पहिल्याच वर्षी उघडा पडतो. सांगून स्वीकारलेल्या मुलांना मात्र वडिलांचे घर मिळते.