स्वामी कुवलयानंद : बळाला माप देणारे गुरू

क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की आमच्या अन्नपूर्णा परिसरात पहाटेपासूनच धावणाऱ्या पावलांचा आवाज ऐकू येऊ लागतो. कोणी जोर काढतो, कोणी बैठका मारतो, कोणी मल्लखांबाला तेल चोळीत असतो. इंदूर हे होळकरांच्या काळापासून तालमी-आखाड्यांचे शहर; त्यातच २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला. मुलांचा हा उत्साह पाहून आम्हांस आनंद होतो, परंतु त्याबरोबर थोडी धास्तीही वाटते. आमच्या परिचयाच्या एका मुलाने मित्रांशी पैज लावून एका सकाळी शेकडो बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या दगडासारख्या झाल्या, लघवी काळपट होऊ लागली, आणि घरच्यांनी त्याला तातडीने रुग्णालयात नेले. सुदैवाने तो बरा झाला. परंतु ज्या स्पर्धेसाठी हा खटाटोप केला, ती त्याला अंथरुणावर पडून ऐकावी लागली.

त्या प्रसंगी आम्हांस ज्या पुरुषाची आठवण झाली, त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. आखाड्यात घडलेला, पुढे योगमार्गाकडे वळलेला आणि बळाला माप असते हे उपकरणांच्या साहाय्याने शिकविणारा असा तो गुरू होता. स्वामी कुवलयानंद या नावाने तो सर्वत्र ओळखला जातो.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तत्कालीन बडोदे संस्थानातील डभोई या गावी झाला. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. तथापि मुलाची बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृत विषयातील मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली व पुढील शिक्षणासाठी ते बडोद्याच्या महाविद्यालयात गेले. तेथे श्रीअरविंदांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला, लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने मन भारले गेले, आणि आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करावयाची असा निश्चय त्यांनी केला.

देशसेवेसाठी शरीर कणखर हवे, ही त्या काळातील तरुणांची श्रद्धा होती. बडोद्यात तिला योग्य स्थान मिळाले. जुम्मादादांच्या नावाने चालणाऱ्या व्यायाममंदिरात त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव हे तरुणांस लाठी, कुस्ती, मल्लखांब इत्यादी देशी विद्या शिकवीत असत. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे जगन्नाथराव या गुरूंच्या हाताखाली घडले. माणिकराव अनेकांना एकाच वेळी, एका तालात, देशी आज्ञांवर सांघिक कवायत करावयास लावीत. हाडे बसविण्याच्या विद्येतही त्यांची मोठी ख्याती होती. आम्हांस ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. जो हात लाठी फिरविण्यास शिकवी, तोच निखळलेला सांधा जागेवर बसवी. शरीर कशाने बनते आणि कशाने मोडते, या दोन्ही गोष्टी ज्याला ठाऊक असतात, तोच खरा वस्ताद.

यानंतर जगन्नाथरावांना दुसरे गुरू लाभले. ज्या नर्मदेचे पाणी आज आपल्या इंदूरच्या घराघरांत येते, त्याच नर्मदेच्या काठी, पुढे गुजरातेत, मालसर नावाचे गाव आहे. तेथे परमहंस माधवदासजी महाराज राहत असत. त्यांच्यापाशी जगन्नाथरावांनी योगाभ्यासाचे धडे घेतले. आखाड्यात त्यांनी शरीर राबविण्याची कला आत्मसात केली होती. आता ते शांत ठेवण्याची कला त्यांच्या हाती आली.

पोटासाठी व समाजासाठी त्यांनी अध्यापनाचा मार्ग पत्करला. १९१६ साली ते खानदेशातील अमळनेर येथे खानदेश शिक्षण संस्थेत रुजू झाले व पुढे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीमुळे ते महाविद्यालय १९२३ साली सरकारने बंद पाडले. परंतु तत्पूर्वीच त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला होता. योगक्रियांचे जे फायदे सांगितले जातात, ते खरे कशावरून? केवळ गुरूंनी सांगितले म्हणून मानावयाचे काय? १९२०-२१ साली त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम तपासून पाहिला. श्रद्धेला प्रयोगाची जोड देण्याचा हा उपक्रम त्या काळात अगदी नवा होता.

१९२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. क्ष-किरणांच्या साहाय्याने पोटातील हालचाली पाहिल्या जाऊ लागल्या. आसनांच्या वेळी रक्तदाब किती चढतो व उतरतो, हे मोजले जाऊ लागले. नौली करताना मोठ्या आतड्यात अंशतः पोकळी निर्माण होते, असे त्यांना आढळून आले. त्या पोकळीस त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. गुरुभक्ती अशी असली, तरी सत्यापुढे त्यांनी भीड बाळगली नाही. प्राणायामाने शरीरात प्राणवायू पुष्कळ अधिक शोषला जातो असा जो सर्वसाधारण समज होता, त्याला प्रयोगात आधार मिळेना, तेव्हा तेही त्यांनी प्रसिद्ध करून टाकले.

आता आमच्या मूळ विषयाकडे वळू. व्यायामाचा अतिरेक घातक आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. हठयोगाच्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अतिआहाराच्या खालोखाल अतिश्रमाची गणना केली आहे. आयुर्वेदात व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असा दंडक आहे. कपाळावर व काखेत घाम आला, तोंडास कोरड पडू लागली, की थांबावे. अतिव्यायामाने तहान, थकवा, खोकला, ज्वर, दमा व शरीराचा क्षय होतो असे वैद्यकग्रंथ बजावतात. वाग्भटाने तर आपल्या ताकदीबाहेरचे साहस करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान खरा. परंतु त्या खटपटीत तोच मरतो. अन्नपूर्णा मंदिराच्या प्रवेशद्वाराशी असलेले भव्य हत्ती आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्यावरून नजर फिरली की ही उपमा आठवावी.

कुवलयानंदांनी हा जुना विवेक आजच्या विद्यार्थ्यास समजेल अशा भाषेत व क्रमात मांडला. आसनांवरील त्यांच्या ग्रंथात सर्वांसाठी एकच पाठ नाही; पूर्ण, लहान व सोपा असे निरनिराळे अभ्यासक्रम आहेत, कारण सर्वांची शरीरे सारखी नसतात. अभ्यास अल्प काळापासून आरंभावा, तो हळूहळू वाढवावा, शरीरास हिसका देऊ नये, ताणाने वेदना होऊ लागल्यास थांबावे, खंड पडल्यास पुन्हा थोड्यापासून सुरुवात करावी, ही त्यांची शिकवण होय. कान वाहत असल्यास किंवा हृदय दुर्बळ असल्यास शीर्षासन करू नये, अशा स्पष्ट सूचना त्यांनी दिल्या. दमछाक करणारा व्यायाम व योगाभ्यास यांमध्ये काही वेळ विसावा असावा, असेही त्यांचे सांगणे होते. अभ्यास संपल्यावर मनुष्य ताजातवाना उठला पाहिजे. गळून पडला तर कोठे तरी चूक झाली असे समजावे.

अतिश्रमाने थकलेली मोठमोठी माणसेही त्यांच्या सल्ल्यास मान देत. १९२७ साली सततच्या दौऱ्यांमुळे महात्मा गांधींचा रक्तदाब वाढून प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी स्वामींशी पत्रव्यवहार करून मार्गदर्शन मागितले होते. १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद स्वामींकडे आले. तत्पूर्वी त्यांनी शाळांतील मुलांसाठी ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक सिद्ध केले होते. सांघिक व्यायामाच्या त्या कल्पनेत माणिकरावांच्या आखाड्याचा संस्कार आम्हांस स्पष्ट दिसतो. लोणावळ्यास त्यांनी योगाचे महाविद्यालय व पुढे रुग्णालयही उभारले. अखेरपर्यंत कार्यरत राहून १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांनी लावलेला कैवल्यधामाचा वृक्ष आजही बहरलेला आहे.

आधुनिक वैद्यकही त्यांच्या मार्गाचीच ग्वाही देते. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंस सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीच्या वेळी ती भरून येताना स्नायू अधिक बळकट होतात. याचा अर्थ, बळ वाढते ते झोपेत व अन्नाने. आखाड्यात केवळ त्याचे बी पेरले जाते. शरीरास सावरण्यास वेळ न देता राबविले, तर तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरते व मूत्रपिंडांस धोका पोहोचतो. आमच्या त्या मुलाचे नेमके हेच झाले होते.

विद्यार्थिमित्रहो, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी आपली नाडी मोजण्याची सवय लावून घ्या. काही दिवस ती नेहमीपेक्षा बरीच जलद लागली, झोप नीट येईनाशी झाली, भूक मंदावली, अभ्यासात मन लागेना, विनाकारण चिडचिड होऊ लागली, तर शरीर विश्रांती मागत आहे असे ओळखा व आपल्या शिक्षकांस निःसंकोच सांगा. दुखणे लपविणे यात मर्दुमकी नाही. आणि लघवीचा रंग काळपट दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्या.

पालकांसही आमची विनंती आहे. मुलाने किती जोर काढले हे जसे आपण कौतुकाने विचारता, तसे तो किती झोपला व पोटभर जेवला की नाही, हेही विचारीत जावे. आपण अन्नपूर्णेच्या छायेत राहतो. ताटातील अन्न आणि रात्रीची शांत झोप यांवाचून कोणत्याही आखाड्यातील माती बळ देऊ शकत नाही. येत्या वर्षी आमच्या मैदानावर पुष्कळ मुले जमावीत, भरपूर खेळावीत, आणि वस्तादाने थांब म्हणताच आनंदाने थांबावीत. स्वामी कुवलयानंदांचे याहून उचित स्मरण दुसरे कोणते असणार?