दातात किडा नसतो हे दाखवणारे डॉ. विलोबी मिलर

दात दुखू लागला की दातात किडा शिरला आहे, तो काढून द्या, असे सांगणारे रुग्ण आजही दवाखान्यात येतात. कीड हा शब्दच तसा आहे. पण दातात किडा नसतो. मग दात कशाने झिजतो? याचे उत्तर सुमारे १३५ वर्षांपूर्वी डॉ. विलोबी डेटन मिलर यांनी प्रयोगातून दिले.

गणिताकडून दातांकडे

मिलर यांचा जन्म १८५३ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. १८७५ मध्ये मिशिगन विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते पुढील शिक्षणासाठी युरोपात गेले. ओढा होता गणित आणि भौतिकशास्त्राकडे. बर्लिनमध्ये त्यांची ओळख डॉ. फ्रँक अ‍ॅबट या अमेरिकन दंतवैद्यांशी झाली आणि आयुष्याची दिशा बदलली. मिलर अमेरिकेत परतले, १८७९ मध्ये दंतवैद्यक शिकून पुन्हा बर्लिनला आले आणि पुढे अ‍ॅबट यांचे जावई झाले. १८८४ पासून ते बर्लिन विद्यापीठात दंतवैद्यक शिकवू लागले.

पाव, लाळ आणि काढलेले दात

त्या काळी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांचे जंतूंवरील संशोधन गाजत होते. तीच पद्धत मिलर यांनी तोंडातील जंतूंना लावली. काढलेले दात त्यांनी लाळ आणि पावाच्या मिश्रणात, शरीराच्या तापमानाला ठेवले. दात मऊ पडले. पावाऐवजी मांस घातले तेव्हा तसे झाले नाही. लाळ आधी उकळून घेतली, म्हणजे जंतू मेले, तरीही दात शाबूत राहिले.

याचा अर्थ स्पष्ट होता. जंतू पिष्टमय आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात. ते आम्ल दातातील खनिजे विरघळवते आणि पुढे उरलेला भागही कुजतो. १८९० मध्ये मानवी तोंडातील सूक्ष्मजंतूंवरील त्यांचे पुस्तक इंग्रजीत आले.

मिलर यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. दातावर साचणाऱ्या चिकट थराचे (प्लाकचे) महत्त्व त्यांना पुरेसे उमगले नाही. तोंडातील जंतूंमुळे इतर अवयवांचे आजार होतात, हा त्यांचा विचार पुढे काही डॉक्टरांनी अतिरेकाने उचलला आणि अनेकांचे दात विनाकारण काढले गेले.

जंतुनाशकांचा शोध

मिलर यांनी तोंडातील जंतूंवर अनेक जंतुनाशके तपासली. त्यांच्या चूळ भरण्याच्या औषधात थायमॉल होते. आपल्या ओव्याला वास येतो तो याच पदार्थामुळे. पण चूळ काही क्षणच तोंडात राहते.

जंतुनाशक दातापाशीच टिकून राहिले तर? आजचे संशोधक नेमका हाच प्रयत्न करत आहेत. दाताच्या रंगाचे फिलिंग दाताला चिकटवण्यासाठी बॉन्डिंग एजंट लावतात. फिलिंग आणि दात यांच्यात बारीक फट पडली, की जंतू आत शिरतात आणि फिलिंगखाली पुन्हा कीड लागते. म्हणून या बॉन्डिंगमध्ये प्रोपोलिस (मधमाश्यांचा डिंकासारखा पदार्थ), कायटोसान किंवा ग्रीन टीमधील घटक मिसळून पाहिले जातात. अडचण अशी, की प्रमाण जास्त झाले तर बॉन्डिंग कमकुवत होऊ शकते आणि कमी ठेवले तर परिणाम लवकर ओसरतो. हे काम बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. त्यामुळे नैसर्गिक फिलिंग म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर पुरावा विचारा. किडलेल्या दातात लवंगतेल घालून दुखणे तात्पुरते थांबले, तरी कीड थांबत नाही.

आपण काय करावे?

- दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासा. रात्री झोपण्यापूर्वी घासणे चुकवू नका.
- दिवसभर थोडे थोडे गोड खाणे टाळा. प्रत्येक वेळी जंतूंना नवे खाद्य मिळते. बिस्किटे आणि गोड चहाही यात आले.
- जुन्या फिलिंगच्या कडेला काळेपणा दिसला, अन्न अडकू लागले किंवा थंड लागून ठणकू लागले, तर लगेच दाखवा.

मिलर यांची मिशिगन विद्यापीठात दंतवैद्यक शाखेचे प्रमुख म्हणून निवड झाली होती. ते मायदेशी परतले, पण काम सुरू करण्याआधीच, १९०७ मध्ये, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर ५३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे मुख्य सांगणे मात्र आजही लागू आहे: जंतू, साखर आणि वेळ एकत्र आले की दात किडतो. जंतू पूर्णपणे घालवता येत नाहीत, पण साखर आणि वेळ बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.