आल्झायमर : आडनावामागचा माणूस

आल्झायमर हे एका रोगाचे नाव म्हणून आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की ते कुणा हाडामांसाच्या माणसाचे आडनाव होते हे ध्यानातच राहत नाही. मानसशास्त्राच्या तासाला हे नाव प्रथम ऐकले तेव्हापासून या माणसाविषयी मला कुतूहल होते. जे वाचावयास मिळाले, ते येथे मांडीत आहे.

आलोइस आल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीत, बव्हेरियातील मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. विद्यार्थिदशेत हे गृहस्थ केवळ पुस्तकात डोके खुपसून बसणारे नव्हते. तलवारबाजीत झालेला एक व्रण त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर राहिला. १८८७ साली ते डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय कोणता, तर कानातल्या मळाच्या ग्रंथी! पुढे मेंदूत शिरलेल्या माणसाने सुरुवात कानापासून करावी, याची मला मोठी मौज वाटते.

१८८८ च्या अखेरीस ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. वेड्यांना बांधून, कोंडून ठेवू नये, त्याऐवजी कोमट पाण्याच्या टबात बराच वेळ बसवून शांत करावे, असे तेथील प्रमुखांचे व त्यांचेही मत होते. फ्रान्झ निस्ल हा मित्र त्यांना तेथेच लाभला. मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट पाहण्याची रीत या निस्लने काढली होती. मनाच्या आजाराचे मूळ मेंदूत डोळ्यांनी दिसले पाहिजे, हा दोघांचा ध्यास.

१९०१ साली आल्झायमर यांची पत्नी सेसिलीए तीन मुले मागे ठेवून वारली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आउगुस्टे डेटर नावाची बाई रुग्णालयात दाखल झाली. वय अवघे ५१. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. प्रथम तिला नवऱ्याविषयी संशय येऊ लागला, मग स्मरणशक्ती झपाट्याने ढळली. स्वतःच्याच घरात तिला वाट सापडेना. वस्तू इकडून तिकडे नेई, लपवून ठेवी. आल्झायमर तिच्यापाशी बसून एकेक प्रश्न विचारीत आणि उत्तर जसेच्या तसे उतरवून घेत. ती जेवत होती फ्लॉवर व डुकराचे मांस. विचारल्यावर म्हणाली, पालक खाते आहे. नाव लिहावयास सांगितले, तर श्रीमती एवढे लिहून पुढचे विसरली.

आपल्याकडे असे काही दिसले, की साठी बुद्धी नाठी म्हणून मोकळे होतात. माझी आजी अखेरच्या वर्षांत माजघरातून न्हाणीघराकडे जाताना मध्येच थांबे आणि भिंत चाचपत राही. तिने त्या घरात सारा संसार केला होता. घरचे त्याला म्हातारचळ म्हणत. आउगुस्टेबाईंची तर साठीही दूर होती. म्हणूनच आल्झायमर यांना हे प्रकरण नुसत्या वयावर सोडून देता आले नाही.

पुढे ते हायडलबर्गला व १९०३ साली म्युनिकला, क्रेपेलिन या नामांकित मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. आरंभी तेथे ते विनावेतन काम करीत. शिष्याच्या सूक्ष्मदर्शकाशी बसून शिकविताना सिगार बाजूला ठेवीत आणि तेथेच विसरून पुढच्या टेबलाकडे जात, असे सांगतात. फ्रँकफुर्टची ती बाई मात्र ते विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारल्यावर तिचा मेंदू व कागदपत्रे त्यांनी मागवून घेतली.

चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या कापांत त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या आत तंतूंचा जाड गुंता झालेला. कित्येक ठिकाणी पेशी नष्ट होऊन नुसता गुंताच मागे उरलेला. मेंदूच्या बाह्य थरातील सुमारे पाव ते एक तृतीयांश पेशींची ही गत होती. शिवाय पेशींच्या बाहेर कसल्याशा द्रव्याचे कण साचलेले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही! १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला आल्झायमर यांचे नाव दिले.

पण घरातली वाट का हरवावी? याचे उत्तर पाहण्यास आल्झायमर हयात नव्हते. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात अशा पेशी आढळल्या, की उंदीर विशिष्ट जागी आला म्हणजे विशिष्ट पेशी चेतते. २००५ साली नॉर्वेतील मोसर दांपत्याने त्यालगतच्या एन्टोरायनल भागात दुसऱ्या पेशी दाखविल्या. प्राणी चालत असता त्या ठराविक अंतरावर चेततात. त्या जागा मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत बसतात. जणू आत नकाशाचा चौकटीचा कागदच! या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. आणि आल्झायमर यांनी पाहिलेला तो गुंता सामान्यतः याच एन्टोरायनल भागाच्या आसपास लवकर सुरू होतो, हे ब्राक दांपत्याने १९९१ साली दाखविले होते. पेशीतील वाहतुकीच्या नळ्यांना आधार देणारे टाऊ नावाचे प्रथिन सुटते, एकमेकांत गुंतते आणि पेशी हळूहळू मरते. नकाशा ठेवणाऱ्या पेशीच आधी पोखरल्या जातात, म्हणून नावे आठवत असतानाही वाट चुकू शकते. आजीच्या त्या भिंत चाचपण्याला माझ्यापुरता तरी येथे अर्थ लागला.

१९१२ साली ब्रेस्लाउला, म्हणजे आताच्या पोलंडमधील व्ह्रोत्स्वाफला, प्राध्यापक म्हणून जाताना आल्झायमर गाडीतच आजारी पडले, ते पुरते सावरले नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते निवर्तले, तेव्हा तेही ५१ वर्षांचेच होते. फ्रँकफुर्टला पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले. आउगुस्टेबाईंची निळ्या पुठ्ठ्याची फाइल कित्येक वर्षे बेपत्ता होती. १९९५ साली ती फ्रँकफुर्टच्याच दप्तरखान्यात सापडली. आल्झायमर यांच्या हस्ताक्षरातील टिपणांबरोबर त्या बाईने नाव लिहिण्याचा केलेला प्रयत्नही तीत आहे.